पक्षाघातानंतर हात-पाय पुन्हा चालण्यासाठी मेंदूचे चुंबकीय उद्दीपन : एक अभ्यास

सिरसाळा परिसरात पक्षाघाताला आजही ‘वारे जाणे’ असेच म्हणतात. ‘रात्री अंगावरून वारे गेले’, असे सांगत नातेवाईक रुग्णाला जीपमध्ये आडवे घालून आणतात. या शब्दप्रयोगात आजाराचे कारण बाहेरचे मानले गेले आहे. त्यामुळे उपायही बाहेरचेच शोधले जातात. कोणी तेल चोळतो, कोणी कबुतराचे रक्त लावतो, कोणी दूरच्या गावी झाडपाल्याचे औषध घ्यायला जातो. प्रत्यक्षात वारे कोठूनही येत नाही आणि जातही नाही. घात होतो तो मेंदूतील रक्तवाहिनीचा. हात किंवा पाय जागच्या जागी शाबूत असतो, त्यातील हाड, स्नायू व शिरा शाबूत असतात. त्यांना हुकूम देणारे ठिकाण मात्र बंद पडलेले असते.

हा विषय या वार्षिक अहवालात घेण्याचे कारण असे की, आपल्या एका हितचिंतक कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ रुग्णालयास ‘मेंदूला चुंबक लावून हात चालू करणारे यंत्र’ भेट देण्याची इच्छा कळविली आहे. शहरातील एका नातेवाइकावर असा उपचार झाल्याचे व त्याचा हात काही अंशी सुधारल्याचे त्यांनी पाहिले आहे. रुग्णांचे नातेवाईकही अधूनमधून याच यंत्राविषयी विचारणा करतात. विश्वस्त मंडळात विषय निघाला तेव्हा प्रशासकाने सर्व बाजू अभ्यासून टिपण सादर करावे, असे ठरले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. औषधोपचाराचा अधिकार माझा नाही. परंतु एखादी वस्तू घ्यायची की नाही, तिच्यावर होणारा खर्च व तिच्यातून मिळणारे फळ यांचा मेळ कसा घालायचा, हे माझ्या नित्याच्या कामातले आहे. त्या दृष्टीने केलेला हा अभ्यास सन्माननीय देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे कुटुंबीय यांच्यासमोर ठेवीत आहे.

आजार आणि घड्याळ

आपल्या मेंदूचे वजन शरीराच्या साधारण दोन टक्के असते. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा वापरतो. इतका खर्चिक अवयव पुरवठा थांबला की काही मिनिटांतच कोलमडू लागतो. बहुतांश रुग्णांमध्ये रक्ताची गुठळी अडकून वाहिनी बंद होते, उरलेल्यांमध्ये वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच दिसतात. उपचार मात्र एकमेकांच्या उलट असल्याने सीटी स्कॅन केल्याशिवाय कोणताही डॉक्टर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन देऊ शकत नाही. हे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. तोंड वाकडे होणे, एक हात खाली पडणे, बोबडी वळणे यांपैकी काहीही अचानक दिसले, तर रुग्णाला पाणी किंवा औषध पाजण्यात व कोणाची वाट पाहण्यात वेळ न घालविता, अशी सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे थेट निघावे. निघताना रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा दिसला, ती वेळ लक्षात ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

आपल्या राज्यातील ग्रामीण भागात या आजाराचे ओझे किती आहे, याची नेमकी मोजणी गडचिरोलीत झाली. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत ८६ गावांतील प्रत्येक मृत्यूची कारणमीमांसा केली. त्यात पक्षाघात हे मृत्यूचे क्रमांक एकचे कारण निघाले. एकूण मृत्यूंपैकी १४.३ टक्के मृत्यू त्याने झाले होते आणि त्यांतील बहुसंख्य घरीच झाले होते. गडचिरोलीसारख्या आदिवासी व ग्रामीण जिल्ह्यात मलेरिया किंवा क्षयाच्या आधी पक्षाघाताचे नाव यावे, हे अनेकांना खरे वाटले नाही. रक्तदाब हा शहरी, सुखवस्तू माणसाचा आजार आहे, ही समजूत त्या आकड्यांनी खोटी ठरविली.

जे रुग्ण वाचतात, त्यांच्यापुढे पुढील आयुष्याचा प्रश्न असतो, आणि चुंबकीय उपचाराचा विषय सुरू होतो तो तेथून.

विजेचा धागा

मेंदूतील पेशी एकमेकींशी सूक्ष्म विद्युत लहरींनी बोलतात. १८७० मध्ये बर्लिन येथे फ्रिट्श व हिट्झिग या दोन डॉक्टरांनी कुत्र्याच्या मेंदूच्या विशिष्ट भागाला सौम्य वीज दिली असता विरुद्ध बाजूचे पाय हलले. हालचालीचे हुकूम मेंदूच्या ठराविक पट्ट्यातून सुटतात व डाव्या मेंदूचा ताबा उजव्या अंगावर असतो, याचा तो प्रयोगाने मिळालेला पुरावा होता. पुढे कॅनडातील माँट्रियल येथे पेनफिल्ड या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या रुग्णांच्या मेंदूवर असेच उद्दीपन करून त्या पट्ट्याचा नकाशा तयार केला. या नकाशात हाताचा पंजा व चेहरा यांना फार मोठी जागा आहे. धड व मांडी यांना त्या मानाने थोडी. पंजाच्या बारीक हालचाली इतक्या गुंतागुंतीच्या असतात की, पक्षाघातानंतर पाय आधी सुधारतो आणि हात मागे राहतो, असे पुष्कळ घरांत दिसते.

कवटी न उघडता हा पट्टा जागा करता येईल काय, या प्रश्नावर १९८० मध्ये इंग्लंडमधील मर्टन व मॉर्टन यांनी डोक्याच्या कातडीतून विजेचा जोरदार झटका देऊन पाहिला. हात हलला, पण वेदना फार होत होत्या. मग १८३१ मध्ये मायकेल फॅरडे यांनी शोधलेले तत्त्व कामी आले : चुंबकीय क्षेत्र वेगाने बदलले की जवळच्या वाहकात वीज निर्माण होते. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ केली जाते, वाफेने चक्र फिरते आणि चक्रासोबत चुंबक फिरून तारांत वीज उपजते. शेवटची पायरी फॅरडेचीच. तेच तत्त्व अगदी लहान प्रमाणात डोक्यावर वापरण्याचे काम इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये यशस्वी केले. तारेचे वेटोळे डोक्याला टेकवून त्यातून क्षणभर मोठा विद्युतप्रवाह सोडला, की चुंबकीय लहर हाड व कातडी यांना न दुखविता आत जाते आणि मेंदूच्या पृष्ठभागाशी किंचित वीज उत्पन्न करते. रुग्णाच्या इच्छेविना त्याचा अंगठा हलतो.

या चुंबकाची ताकद दीड ते दोन टेस्ला, म्हणजे एमआरआय यंत्राच्या तोडीची असते. पण ती टिकते एक सहस्रांश सेकंदाहूनही कमी काळ. नेहमीच्या वेटोळ्याचा परिणाम डोक्याच्या पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच पोहोचतो. इंग्रजी आठच्या आकड्यासारखे वेटोळे वापरल्यास नेम अधिक अचूक बसतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. बाजारात मिळणारे चुंबकाचे पट्टे, कडी, गाद्या व उशा यांचा या उपचाराशी काडीचाही संबंध नाही. स्थिर चुंबक कितीही काळ डोक्याशी बांधून ठेवला तरी त्याने मेंदूत वीज निर्माण होत नाही. त्यासाठी क्षेत्र वेगाने बदलावे लागते. जत्रेत व आठवडी बाजारात असे पट्टे ‘लकव्यावर रामबाण’ म्हणून विकले जातात, तेव्हा गरीब माणसाची पंधरा दिवसांची मजुरी त्यात जाते. त्याचप्रमाणे हा उपचार म्हणजे मनोरुग्णांना देतात तो ‘शॉक’ही नव्हे. यात भूल द्यावी लागत नाही, झटका आणला जात नाही. रुग्ण खुर्चीत जागा बसलेला असतो.

बैलजोडी बिघडते तेव्हा

एकच लहर दिली तर बोट एकदा हलते आणि काम संपते. उपचारासाठी लहरी ठराविक गतीने पुन:पुन्हा दिल्या जातात. सेकंदाला एक, अशा सावकाश गतीने दिल्यास तेथील पेशींची उत्तेजना काही काळ मंदावते. सेकंदाला पाच किंवा त्याहून अधिक गतीने दिल्यास सामान्यतः वाढते. वेटोळे काढून घेतल्यानंतरही हा परिणाम थोडा वेळ टिकतो, आणि त्या वेळात व्यायाम केल्यास शिकणे अधिक पक्के होईल, अशी या उपचारामागची अपेक्षा आहे.

आता प्रश्न पडेल की, लुळ्या हातासाठी मेंदू मंद करण्याचा काय उपयोग? यामागील विचार आमच्या फिजिओथेरपीच्या मंडळींनी मला बैलजोडीच्या उदाहरणाने समजावून दिला. जोखडाला जुंपलेले दोन बैल एकमेकांना ओढून तोल राखतात. त्यांतील एक दुबळा झाला की दुसरा जोखड आपल्याकडे खेचतो आणि दुबळ्याला मान वर काढू देत नाही. मेंदूचे दोन अर्ध असेच एकमेकांना आवरून असतात. पक्षाघाताने एक अर्ध दुखावला की निरोगी अर्ध त्याला प्रमाणाबाहेर दाबतो, असे २००४ च्या सुमारास झालेल्या प्रयोगांत काही रुग्णांमध्ये दिसले. म्हणून निरोगी बाजूला सावकाश लहरी देऊन तिला थोडे आवरायचे, किंवा दुखावलेल्या बाजूला जलद लहरी देऊन तिला चेतवायचे, अशा दोन पद्धती रूढ झाल्या.

उदाहरण चांगले आहे, पण ते सर्वत्र लागू पडत नाही, हेही त्यांनीच सांगितले. ज्या रुग्णाचा दुखावलेला भाग फार मोठा आहे, त्याच्या बाबतीत निरोगी बाजूच उरलेला गाडा ओढत असते. तिला आवरले तर होते ते कामही थांबण्याचा संभव असतो. म्हणजे एकाच यंत्राने एकाला लाभ व दुसऱ्याला तोटा होऊ शकतो. कोण कोणत्या गटातला, हे ठरविणारा जाणकार यंत्राशेजारी असावा लागतो.

उपचाराची रीत साधी आहे. प्रथम अंगठा जेमतेम हलेल इतकी कमीत कमी ताकद शोधून काढतात. त्या प्रमाणात मात्रा ठरते. यंत्र टिकटिक असा मोठा आवाज करते, म्हणून कानात बोळे घालतात. सेकंदाला एक याप्रमाणे ९०० लहरी द्यायच्या म्हटल्या तर १५ मिनिटे लागतात. काही जणांचे डोके दुखते. फिट येण्याचा धोका क्वचित, पण खरा आहे. डोक्यात धातूची क्लिप, कानात बसविलेले श्रवणयंत्र किंवा छातीत पेसमेकर असलेल्यांना, तसेच पूर्वी फिट येऊन गेलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत. चौकशी न करता थेट खुर्चीत बसविणाऱ्या ठिकाणापासून दूर राहावे.

गुण किती येतो?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी मी सर्वाधिक वेळ दिला, कारण देणगीदाराच्या पैशाचा निर्णय त्यावर अवलंबून आहे. २०१३ मध्ये कॉक्रेन या जगन्मान्य संस्थेने तोपर्यंतच्या १९ चाचण्या व त्यांतील ५८८ रुग्ण एकत्र तपासले आणि पक्षाघाताच्या नित्य उपचारात याचा समावेश करण्याइतका पुरावा नाही, असा अभिप्राय दिला. उलट २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातील तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शिकेने एका विशिष्ट उपयोगाला सर्वोच्च श्रेणी दिली : पक्षाघातानंतरचा पहिला नाजूक काळ ओलांडलेल्या रुग्णाच्या हातासाठी निरोगी बाजूला सावकाश लहरी देणे. जुन्या रुग्णांविषयी मात्र ते इतक्या खात्रीने बोलत नाहीत.

या दोहोंच्या मध्ये, २०१८ मध्ये, अमेरिकेतील १२ केंद्रांत झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तिच्यात १९९ रुग्ण होते. पक्षाघात होऊन तीन ते बारा महिने झालेल्या या रुग्णांना सहा आठवड्यांत १८ बैठकी देण्यात आल्या. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निवड करून काहींना खरे उद्दीपन, तर काहींना हुबेहूब तसेच दिसणारे व आवाज करणारे नकली उद्दीपन दिले गेले. प्रत्येक बैठकीत दोन्ही गटांकडून हाताचा नेमका व्यायाम करून घेण्यात आला. शेवटी खऱ्या गटातील ६७ टक्के रुग्णांच्या हातात ठरविल्याप्रमाणे सुधारणा झाली, आणि नकली गटातील ६५ टक्के रुग्णांच्या. वापरलेले नकली वेटोळे पूर्णपणे निष्क्रिय होते काय, अशी शंका नंतर घेतली गेली, आणि ती रास्त आहे. तथापि हिशेब ठेवणाऱ्या माणसाची नजर दुसऱ्याच गोष्टीवर खिळते. महिने उलटून गेलेल्या रुग्णांपैकी दोन-तृतीयांश लोक सुधारले, आणि दोन्ही गटांना समान मिळालेली गोष्ट होती ती नियमित, मोजूनमापून, माणसाने समोर बसून करवून घेतलेला व्यायाम.

याला पुष्टी देणारी आणखी एक चाचणी आहे. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ रुग्णांवर झालेल्या या चाचणीत दोन आठवडे रुग्णाच्या चांगल्या हातावर जाड मोजा चढवून ठेवण्यात आला आणि जागेपणीचा बहुतेक वेळ त्याला दुबळ्या हातानेच कामे करावयास लावली. शिवाय रोज काही तास व्यायाम. त्याचा लाभ वर्षभराने मोजला तेव्हाही टिकून होता. मनगट व बोटे थोडी तरी उचलता येणाऱ्यांनाच हा मार्ग लागू पडतो. पूर्ण लुळ्या हाताच्या रुग्णावर घरच्या घरी तो लादू नये.

आणि आता आपल्या देशातील चाचणी. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या अभ्यासात भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्ण होते. रुग्णाच्या घरच्या माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठविले, तर फिजिओथेरपिस्टची उणीव भरून निघेल काय, हे त्यात पाहिले गेले. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबित्व यांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच भरले. नातेवाइकांच्या कष्टांना हिणविण्यासाठी मी हा आकडा देत नाही. त्यांच्यावाचून आपला एकही रुग्ण उभा राहत नाही. परंतु घरच्या माणसाला चार दिवस शिकवून आपण आपली जबाबदारी पार पाडली असे रुग्णालयाने समजू नये, एवढे त्यातून मला कळते. शिकलेला हात लागतोच. महाराष्ट्रात त्याची परंपरा जुनी आहे. देशातील फिजिओथेरपीचे पहिले विद्यालय १९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले. मात्र तेथून निघालेली वाट आमच्या तालुक्यापर्यंत यायला फार वेळ लागला.

उत्साहाच्या भरात केलेल्या घाईविषयीही दोन शब्द. २०१५ मध्ये पाच देशांतील २,१०४ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार व दीर्घकाळ उठवून चालविण्याचा प्रयोग झाला. नेहमीच्या पद्धतीपेक्षा त्याचा परिणाम वाईट निघाला. म्हणून पहिल्याच दिवशी ‘चालवा, नाहीतर अंग धरेल’ असा आग्रह वडीलधाऱ्यांनी धरू नये. केव्हा उठवायचे ते डॉक्टर सांगतील.

या यंत्राचा आणखी एक उपयोग मला अधिक मोलाचा वाटला. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील संशोधकांनी पहिल्या आठवड्यातच चुंबकीय लहर देऊन हाताचा स्नायू प्रतिसाद देतो काय, ते पाहण्याची पद्धत बसविली. प्रतिसाद मिळाला तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट शाबूत आहे व हात बऱ्यापैकी सुधारेल, असे पुष्कळ विश्वासाने सांगता येते. ‘हात येईल का हो?’ हा प्रश्न आमच्या ओट्यावर बसलेली प्रत्येक पत्नी व प्रत्येक मुलगा विचारतो. त्याला खरे उत्तर देता येणे हीदेखील सेवाच आहे. अर्थात अशा तपासणीसाठी रुग्णाला एकदाच मोठ्या केंद्रात नेणे पुरते. यंत्र सिरसाळ्यात असण्याची गरज नाही.

हिशेबाची बाजू

असे यंत्र घ्यायचे म्हटले तर खर्च कित्येक लाखांच्या घरात जातो. ती झाली भांडवली बाजू. त्यानंतर दरवर्षी घसारा, देखभालीचा करार, वेटोळ्याची झीज, स्थिर वीजदाबाची व्यवस्था आणि मुख्य म्हणजे प्रशिक्षित डॉक्टर. मोठ्या शहरांत हे यंत्र मुख्यतः मानसोपचारतज्ज्ञांकडे असते, कारण २००८ मध्ये अमेरिकेत नैराश्यावरील उपचार म्हणून त्याला मान्यता मिळाली. एकाच यंत्रावर दोन्ही प्रकारचे रुग्ण असल्याने तेथे ते दिवसभर चालते. आपल्याकडे ते दिवसातून किती वेळ चालेल, हा विचार करावा लागेल.

रुग्णाची बाजूही तपासावी. आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे, म्हणजे वीस खेपा. सोबत एक माणूस धरला तर चाळीस दिवसांची मजुरी बुडते, आणि एसटीचे भाडे वेगळे. आमच्या भागातील पुष्कळ कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि काम जोडीने, म्हणजे ‘एका कोयत्या’च्या हिशेबाने, मोजले जाते. जोडीतील एकाला पक्षाघात झाला की दुसऱ्याचाही कोयता थांबतो. उचल मात्र थांबत नाही. अशा घरातील माणसाला वीस दिवस यंत्राखाली बसायला सांगणे सोपे आहे. तो येईल कसा, याचे उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकात नसते.

शिवाय आमच्या डॉक्टरांचे निरीक्षण असे की, रक्तदाबाच्या गोळ्या खंडित होण्याचा काळ म्हणजे नेमका ऊसतोडीचा हंगाम. फडात असताना गोळ्या संपतात, जवळ दवाखाना नसतो, असला तरी दिवस मोडवत नाही. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब नाही, असा समज त्यात भर घालतो. होऊ घातलेला पक्षाघात टाळण्याचे साधन काही रुपयांची गोळी आहे आणि ती पाच-सहा महिने तुटू न देणे हे आपल्या आवाक्यातले आहे.

देणगीदारांची एक अडचण मी जाणतो. यंत्रावर स्मरणार्थ नाव कोरता येते. पगारपत्रकावर कोरता येत नाही. परंतु आतापर्यंत मांडलेल्या पुराव्यांचा कौल, माझ्या मते, यंत्राआधी माणूस नेमण्याकडे झुकतो. म्हणून विश्वस्त मंडळापुढे पुढील प्रस्ताव ठेवला आहे. चुंबकीय उद्दीपनाचे यंत्र तूर्त घेऊ नये. त्याऐवजी देणगीची रक्कम कायम निधी म्हणून गुंतवून तिच्या व्याजातून पूर्णवेळ फिजिओथेरपिस्टचे पद चालवावे आणि ते पद व व्यायामकक्ष दिवंगतांच्या नावे ओळखला जावा. ज्या थोड्या रुग्णांना उद्दीपनाचा खरोखर लाभ होण्याजोगा आहे, असे मेंदूविकारतज्ज्ञ सांगतील, त्यांच्या प्रवासासाठी व शुल्कासाठी याच निधीतून साहाय्य द्यावे. विशिष्ट हेतूने दिलेली देणगी दुसरीकडे वळविता येत नाही. त्यामुळे सदर कुटुंबाची लेखी संमती मिळेपर्यंत रक्कम स्वीकारलेली नाही. त्यांना हे टिपण पाठविले असून पुढे पुरावा बळकट झाल्यास विषय पुन्हा विचारात घेता येईल, असेही कळविले आहे.

व्यायामकक्षात महागडे काही नसेल. ज्वारी-तूर निवडणे, दोन्ही हातांनी भाकरी थापणे, सदऱ्याची बटणे लावणे, तांब्या उचलून ओतणे, कुलूप उघडणे हीच कामे मोजून, दिवसाकाठी शेकडो वेळा करवून घ्यावयाची आहेत; ज्या कामासाठी हात हवा, त्याच कामाने तो शिकतो. भाकरी थापणे मुद्दाम घालावे, असा माझा आग्रह आहे. पुरुष रुग्ण प्रथम लाजतात, पण दोन्ही तळहात एकाच तालावर आणणारे दुसरे इतके परिचित काम शोधून सापडणार नाही.

कुटुंबीयांसाठी काही सूचना. रुग्णाला उठविताना लुळ्या हाताला धरून कधीही ओढू नये, खांदा निखळतो. कमरेला आधार द्यावा. निजताना तो हात उशीवर ठेवावा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणेचा वेग सर्वाधिक असतो, म्हणून ते महिने देवदेवस्की व झाडपाला यांत घालवू नयेत. त्यानंतरही सुधारणा थांबते असे नाही. चुंबकीय उपचाराचा सल्ला कोणी दिल्यास चार प्रश्न विचारावेत : हा उपचार मेंदूविकारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहे काय, सोबत व्यायाम करवून घेणार काय, कोणत्या बाजूला व कोणत्या गतीने लहरी देणार, आणि किती बैठकींनंतर गुण मोजून पुढे चालू ठेवायचे की थांबवायचे ते ठरविणार. उत्तर ‘सगळ्यांना गुण येतो’ एवढेच मिळाले, तर पैसे भरण्यापूर्वी एकदा आपल्या रुग्णालयात येऊन डॉक्टरांशी बोलावे.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांतील चाळिशीवरील सर्वांचा रक्तदाब नवरात्राच्या आठवड्यात तपासून, ज्यांना गोळ्या सुरू आहेत त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या सोबत देण्याची योजना फिजिओथेरपीच्या प्रस्तावासोबतच विश्वस्त मंडळाकडे मंजुरीसाठी पाठविली आहे. येताना जुनी चिठ्ठी व उरलेल्या गोळ्यांचे पाकीट बरोबर आणावे. मुकादमांनीही आपापल्या टोळीतील मंडळींना निघण्यापूर्वी एक दिवस सवड द्यावी, ही विनंती.